खुर्चीच्या मोज्यांची छाननी

ऑनलाइन धंदा सुरू करायला माल लागतो, भांडवल लागते आणि फोनचा चार्जर जागच्या जागी सापडावा लागतो, एवढे मला ठाऊक होते. त्या सगळ्याआधी मन लागते आणि तेही मुद्दाम घडवून घेतलेले, हे मला माझ्या मुलीकडून फोनवर कळले.

"बाबा, आईचे मोजे उत्तमच आहेत," ती म्हणाली. "प्रश्न तुमच्या माइंडसेटचा आहे."

नगरपालिकेच्या परवाना विभागात माझी उभी हयात गेली. मुख्य लिपिक म्हणून निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावरून एकही अपूर्ण अर्ज पुढे सरकलेला नाही. माझ्या मनाविषयी आजवर कोणाची तक्रार आली नव्हती, निदान लेखी तरी नाही. तरीही मुलीचे म्हणणे मी विचारार्थ ठेवून घेतले.

मोज्यांविषयी खुलासा केला पाहिजे. हे मोजे माणसांचे नव्हेत, खुर्च्यांचे. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई राहतात. संध्याकाळी त्यांचे विद्यार्थी येत, अर्धवर्तुळात बसण्यासाठी खुर्च्या ओढत, मग बाईंना ते वर्तुळ पसंत पडत नसे आणि खुर्च्या पुन्हा ओढल्या जात. तो आवाज थेट दाढेत जाई. मी रीतसर तक्रारीचा मसुदा करायला घेतला. पार्श्वभूमी, वस्तुस्थिती आणि मागणी असे त्याचे तीन भाग होते. मी वस्तुस्थितीपर्यंत पोहोचलो तोवर पत्नीने उरल्यासुरल्या लोकरीतून खुर्च्यांच्या पायांना बसतील असे छोटे मोजे विणले, वर जाऊन स्वतःच्या हाताने चढवले आणि परत येऊन आमटी गरम करायला ठेवली. मागणी न करताच पूर्ण झाल्याने माझा मसुदा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनच्या बाई खाली आल्या.

"काकू, काय जादू केलीत! आता मुलांचं वाजवणं तुम्हाला अगदी स्पष्ट ऐकू येत असेल ना?"

"हो तर," पत्नी म्हणाली. "प्रत्येकाचं वेगळं ऐकू येतं."

दार लावल्यावर ती माझ्याकडे वळली. "अहो, व्हायोलिनला घालता येईल असं काही विणता येईल का?"

हा किस्सा मुलीच्या कानावर गेला आणि हे मोजे ऑनलाइन विकायचे, असे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. पत्नीने हातातले विणकाम खाली ठेवले. मग फोनपासून थोडे लांब सरकून, जणू मलाच सांगावे तसे, म्हणाली, "ओळखीच्या माणसांना काहीही विणून द्या, छानच म्हणतात. कशाला एवढा त्रास घेतलास म्हणतात आणि कपाटात ठेवतात. मला न ओळखणाऱ्या माणसाला माझ्या हातचं काही हवंसं वाटतं का, ते एकदा बघायचंय मला. एकदाच."

हे वाक्य मी ऐकले होते. ते नीट ऐकले असते तर पुढचे बरेच टळले असते.

मी कोणतेही काम अर्धवट करीत नाही. मन घडवायचे म्हटल्यावर त्याचे शिक्षण घ्यायचे ठरवले. फोनवर एक कोरीव दाढीचा तरुण ते फुकट देत होता. त्याच्या मागे एक कुंडी होती आणि तिच्यातले झाडही मोठ्या आत्मविश्वासाने उभे होते. त्याचा पहिला धडा असा की रोज सकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःला ठणकावून सांगायचे, "मी संधी आहे. मी प्रवाह आहे." आमच्या घरात पूर्ण उंचीचा आरसा नाही, म्हणून हा विधी न्हाणीघरात करावा लागे. तिथल्या झरोक्यातून आवाज समोरच्या बिऱ्हाडात जातो, हे आम्हा दोन्ही कुटुंबांना बरीच वर्षे ठाऊक आहे आणि आपण सभ्य असल्याने कोणी त्याचा उल्लेख करीत नाही.

समोर विमा एजंट राहतो. आठवडाभराने तो जिन्यात भेटला.

"काका, सगळं ठीक ना घरी?"

"उत्तम. का?"

"नाही, सकाळी तुम्ही कुणाला तरी सांगत होतात, मी प्रवाह आहे म्हणून. म्हटलं नळ गळतोय की काय. माझ्या ओळखीचा प्लंबर आहे."

मला सगळा खुलासा करावा लागला. तो गंभीर झाला. विमा एजंट गंभीर झाला की समोरच्याने खिशावर हात ठेवावा, असा माझा अनुभव आहे, पण या वेळी त्याने फक्त सल्ला दिला.

"काका, धंदा म्हणजे डोक्यातला खेळ आहे. एकच करा. आठवडाभर 'नाही' हा शब्द सोडून द्या. मी तर झोपेतसुद्धा नाही म्हणत नाही."

"पॉलिसी विकताना ना?" मागून पत्नी म्हणाली. "आणि लोक पैसे मागायला आले की?"

"काकू, तेव्हा मी 'बघू' म्हणतो," तो हसत म्हणाला.

ज्या शब्दावर मी इतकी वर्षे पगार घेतला, तो शब्द सोडणे म्हणजे सुताराने रंधा सोडण्यासारखे होते. पण मी निश्चय केला. त्याच दुपारी धूळ ओढणारे यंत्र विकणारा एक गृहस्थ दारात आला आणि "प्रात्यक्षिक दाखवू का?" असे त्याने विचारले. मी "हो" म्हटले. त्याने आमच्या सोफ्यातून जी धूळ काढली ती पांढऱ्या कागदावर पसरून पत्नीला दाखवली. त्या कागदाकडे आणि मग माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिले, तीत यंत्राचा काही दोष नव्हता. संध्याकाळी इमारतीच्या रहिवाशांची सभा होती. नवा सचिव कोण होणार, असा प्रश्न निघाल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. एजंटने माझ्याकडे बोट केले. "काका, तुम्ही?" मी "हो" म्हणालो. टाळ्या एवढ्या जोरात आणि एवढ्या सुटकेच्या भावनेने वाजल्या की माझ्या निवृत्तीच्या समारंभात वाजलेल्या त्यांच्यापुढे फिक्या पडाव्यात.

अशा रीतीने, मन तयार झाले असे गृहीत धरून, मी दुकान नोंदवायला बसलो. दुकानाला मी "खुर्ची-पाद-आच्छादन केंद्र" असे नाव सुचवले.

"हे ऐकून खुर्चीसुद्धा उठून जाईल," पत्नी म्हणाली.

मुलीने "मऊपाय" सुचवले आणि ते माझी सही न घेता मंजूर झाले.

पुढची अडचण वर्गवारीची होती. संकेतस्थळावर कपडे होते, फर्निचर होते, स्वयंपाकघर होते, पण खुर्चीच्या मोज्यांना कुठेच जागा नव्हती. फर्निचरमध्ये टाकू गेलो तर लांबी, रुंदी, उंची आणि लाकडाचा प्रकार भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देईना. ज्या अर्जाला स्वतःचे खाते नसते तो सर्वांत जवळच्या खात्यात घालावा, अशी आमच्या विभागात पद्धत होती. मी सगळे रकाने तपासले. चार पायांचा उल्लेख केवळ एकाच ठिकाणी होता. म्हणून मऊपाय "पाळीव प्राणी" या सदरात दाखल झाले. खाली मी वर्णन लिहिले: "सदर मोजे सर्वसाधारण मानवी वापराच्या खुर्च्यांसाठी असून चाकांच्या खुर्च्यांबाबत कोणतीही जबाबदारी घेतली जाणार नाही." मग एक खुर्ची खिडकीतल्या उन्हात ठेवून, तिला मोजे घालून, तिची चारही बाजूंनी छायाचित्रे काढली. ती थोडी लाजल्यासारखी दिसत होती, पण ते उन्हामुळे असेल.

दरम्यान पत्नी विणत होती. लोकरीची खोकी घरात मावेनात, म्हणून ती जिन्यात ठेवली, तर तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी लेखी तक्रार दिली. निवासी इमारतीत व्यवसाय, जिन्यात अडथळा. तक्रार सचिवांच्या नावे होती आणि सचिव मी होतो. मी नियमाला धरून चालणारा माणूस. सचिव या नात्याने मी स्वतःला नोटीस काढली, रहिवासी या नात्याने ती सही करून स्वीकारली आणि मुदतीत उत्तर दिले. सचिव म्हणून वाचल्यावर ते उत्तर मला अत्यंत असमाधानकारक वाटले.

"आता कोण कुणाला सोडणार?" पत्नीने विचारले.

"सुनावणी होईल."

"कुठे?"

"घरीच."

तिने खोकी झोपण्याच्या खोलीत ओढली. तेव्हापासून पलंगावर चढण्यासाठी मला कपाटाच्या बाजूने वळसा घालावा लागतो.

आणि मग विचारणा येऊ लागल्या.

पहिली विचारणा एका लांबोळक्या, बुटक्या पायांच्या कुत्र्याच्या मालकाची होती. कुत्रा फरशीवर घसरतो, त्याला हे मोजे होतील का? मी तत्परतेने उत्तर दिले: "आपली विनंती प्राप्त झाली. कुत्रा खुर्चीच्या व्याख्येत बसत नसल्याने विचार करता येत नाही." कुत्रा प्रत्यक्षात कशातही बसतो, हे नंतर लक्षात आले, पण टिपणी निर्दोष होती. दुसऱ्याने विचारले, माल कधी मिळेल? मी कळवले, सर्व बाबींची पूर्तता झाल्यावर. कोणत्या बाबी, असे त्याने विचारले नाही. चांगला अर्जदार विचारतो. मग एका बाईंचा निरोप आला: "लहान खुर्च्यांना होतील का? पाय खाली निमुळते आहेत. बऱ्याच खुर्च्या आहेत. लवकर कळवाल का प्लीज?"

हा अर्ज म्हणजे अपूर्णतेचा नमुना होता. लहान म्हणजे केवढ्या? बऱ्याच म्हणजे किती? मी त्यांना खुर्चीची चारही बाजूंनी छायाचित्रे, प्रत्येक पायाचा घेर आणि वापराचे प्रयोजन मागितले. त्यांच्याकडून काहीच आले नाही. मी प्रकरण बंद केले.

रोज संध्याकाळी भाजी निवडताना पत्नी विचारी, "आलं का हो काही?"

"छाननी चालू आहे," मी म्हणे. त्यात खोटे काहीच नव्हते.

ती मान हलवी. पुढे ती रोज विचारीनाशी झाली. मग कधीतरीसुद्धा विचारीनाशी झाली. एका सकाळी लोकरीची पिशवी गाठ मारून माळ्यावर गेलेली दिसली. गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटोचे रोप कलले होते, त्याला आधार म्हणून विणकामाची सुई खोचलेली होती. मला त्या कल्पकतेचे कौतुक वाटले आणि ते मी बोलूनही दाखवले. ती फक्त "हं" म्हणाली.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा चहा पिता पिता तिने माझा फोन घेतला. कुत्र्यावर पोहोचल्यावर ती एवढी हसली की चहा नाकात गेला. पुढे वाचता वाचता हसू कमी होत गेले. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा, आईला माहीत आहे?"

"काय?"

"की लोक विचारतायत."

"विचारतायत, पण एकही परिपूर्ण नाही. त्रुटी..."

"बाबा." तिचा आवाज खाली आला. "तिला वाटतंय कुणालाच नको आहेत. छाननी चालू आहे हे तुम्ही तिला बरं वाटावं म्हणून म्हणता, असं ती मला काल म्हणाली. म्हणाली, तुझे बाबा किती सांभाळून घेतात."

माझ्या नोकरीत मला पुष्कळ शिव्या ऐकाव्या लागल्या आहेत. काही अर्जदार त्यात कुशल होते. पण "किती सांभाळून घेतात" हे शब्द जसे लागले, तसे त्यांतले काहीच लागले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेलो. पत्नी ओट्याकडे तोंड करून डबे पुसत होती. मी सगळे सांगितले, अनुक्रमाने. पुसणे थांबले.

"म्हणजे कुणीतरी मागितले होते?"

"मागितले होते. पण सगळेच अपूर्ण..."

"किती जणांनी?"

"बऱ्याच," मी म्हणालो आणि हा शब्द मी एका बाईंना नामंजूर केला होता, हे मला आठवले.

ती वळली. रागावली असती तर मला बरे वाटले असते. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

"अहो, माणूस अर्धवटच विचारतो. सगळं ठाऊक असतं, तर तुम्हाला विचारायला आला असता का?" तिने हातातला डबा झाकण न लावता ठेवून दिला. "त्या लहान खुर्च्यांच्या बाईंना लिहा. आत्ता."

मी लिहायला बसलो. आमच्या विभागात खेद व्यक्त होत असे, पण तो अर्जदाराची विनंती मान्य करता येत नाही याबद्दल. विनंती मान्य करताना खेद कसा व्यक्त करावा, याचा नमुना कुठेच नव्हता. "उपरोक्त विषयान्वये" लिहिले, खोडले. "सदर विलंबास" लिहिले, खोडले. मुलगी एका खांद्यावरून पाहत होती आणि पत्नी दुसऱ्या.

"लिहा, चुकलं," पत्नी म्हणाली. "लिहा, होतील. लिहा, माप घ्यायला येऊ का?"

मी लिहिले. शेवटी "कळावे" घालणार तोच मुलीने बटण दाबले. तेवढा मजकूर मला उघडाबोडका वाटत होता, जणू मीच बनियनवर कचेरीत गेलो आहे.

उत्तर लगेच आले. "या ना! उद्याच या." पत्ता आमच्याच शहरातला होता, एका शाळेचा.

वर्ग एवढा लहान होता की मला दारातच वाकावेसे वाटले. मुलांच्या कानांमागे छोटी यंत्रे होती, त्यांतून ती ऐकत. शिक्षिका तरुण होत्या, त्यांच्या ओढणीला खडू लागला होता आणि माझ्या पत्राविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही.

"या यंत्रातून सगळंच मोठं ऐकू येतं," त्या पत्नीला म्हणाल्या. "मी बोलते तेही आणि खुर्ची सरकते तेही. एक खुर्ची ओढली की सगळ्यांच्या कानात करकरतं, आणि मग माझं पुढचं वाक्य जातं. काही मुलं यंत्रच काढून टाकतात. म्हणून घाई करत होते."

वापराचे प्रयोजन मला आता कळले. मी खिडकीबाहेर पाहिले.

पत्नीने पिशवीतून मोजे काढले आणि पहिल्या खुर्चीला चढवले. ते ताबडतोब गळून पडले. पाय खरोखरच खाली निमुळते होते. दुसऱ्या खुर्चीचेही गळाले. मुलांना ते फार आवडले. क्षणात मोजे बोटांवर, अंगठ्यांवर आणि एकाच्या नाकावरही दिसू लागले. शिक्षिका ओशाळल्या. "राहू दे काकू, नसेल जमत तर..."

"जमत नाही कोण म्हणालं?" पत्नीने पदर खोचला आणि सरळ जमिनीवर बसली. "अहो, सुया द्या. आणि ती खुर्ची उलटी धरा."

सुयांचा जोड पुरा होता. सकाळी निघताना तिने कुंडीतली सुई उपटून घेतली होती, हे मी पाहिले होते. मुख्य लिपिकाच्या पदावरून निवृत्त झालेला मी, छोट्या खुर्चीचे पाय आभाळाकडे करून उभा राहिलो. तिने एक मोजा उसवला, कमी टाके घातले, वरचा काठ उलट-सुलट विणून घट्ट केला आणि पायावर चढवून ओढून पाहिला. हलला नाही. मग दुसरा, तिसरा, चौथा. मुले भोवती बसून तिच्या हातांकडे बघत होती. त्या वर्गात एवढी शांतता बहुधा पहिल्यांदाच झाली असावी.

खुर्ची एका दोन वेण्यांच्या मुलीची होती. मी ती सरळ करून तिच्यापुढे ठेवली. तिने खुर्चीची पाठ धरली आणि ओढण्याआधी खांदे कानांपर्यंत वर घेतले, डोळे मिटले. मग ओढली. खुर्ची सरकली. मुलगी तशीच उभी राहिली, येणाऱ्या आवाजाची वाट पाहत. आवाज आला नाही. तिने एक डोळा उघडला. पुन्हा ओढली. खांदे हळूहळू खाली आले. मग ती खुर्ची घेऊन वर्गभर हिंडली, फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून माझ्या पायावरून परत.

"सगळ्या खुर्च्यांना करून द्याल?" शिक्षिकेने विचारले.

सवयीने माझे तोंड उघडले. "वर्गात एकूण खुर्च्या..."

पत्नीने नुसते पाहिले.

"होतील," मी म्हणालो.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. शाळा मागे पडल्यावर म्हणाली, "आपण कोण, कुठले, काहीच माहीत नव्हतं हो तिला."

"काहीच नव्हतं," मी म्हणालो.

"तरी घाई होती." एवढे बोलून ती बाहेर बघत राहिली, पण तिची बोटे मांडीवर टाके मोजत होती.

घरी आल्यावर मी पाहिले, टोमॅटोचे रोप कुंडीच्या काठावर आडवे झाले होते. कपाटात माझी कचेरीतली तांबडी पेन्सिल जपून ठेवलेली होती. त्रुटी दाखवण्यासाठी वापरायची ती, चांगली लांब. ती मी कुंडीत खोचून रोप तिला बांधले. चांगला आधार आहे.

माझ्या नोटिशीची सुनावणी अजून झालेली नाही. दंतवैद्यांनी मात्र त्यांच्या प्रतीक्षा-खोलीतल्या खुर्च्यांविषयी परवा हळूच विचारले. समोरचा एजंट म्हणतो, "काका, हल्ली सकाळी न्हाणीघरातून काही ऐकू येत नाही. प्रवाह आटला का?" मी त्याला सांगितले, वेळ मिळत नाही. ते खरे आहे. सकाळी मी खोकी बांधतो.

काल त्या कुत्र्याच्या मालकाला मी आपण होऊन लिहिले. त्यांनी राग न धरता छायाचित्र पाठवले. कुत्रा गादीवर आडवा, पोट वर, कान एकीकडे. पाय चादरीखाली होते, त्यामुळे पायांची संख्या, घेर आणि ते निमुळते आहेत किंवा कसे, यांतले काहीच स्पष्ट होत नव्हते. अर्ज सर्वार्थाने अपूर्ण होता.

मी लिहिले, "होतील. कोणता रंग आवडेल त्याला?"